नऊ घंटा

"शेवटचा दिवस आहे, मामा. पोरं काय करतील याचा नेम नाही. डोळ्यांत तेल घालून राहा," मोठ्या बाई म्हणाल्या.

मामांनी त्यांच्या ओठांकडे बघत मान हलवली. डोळ्यांत तेल घालूनच तर सगळं वर्ष काढलं होतं. कानांचा उपयोग कधीच संपला होता.

ही गोष्ट फक्त मामांना आणि त्यांच्या बायकोला ठाऊक होती. शाळेचा शिपाई, घंटा देणारा माणूस, आणि ठार बहिरा! दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर मामा स्वतःच पोट धरून हसले असते. पण नोकरी गेली की शाळेमागच्या दोन खोल्याही जाणार होत्या, आणि गुडघ्यांनी अधू झालेल्या बायकोला घेऊन जायचं कुठे?

संशयाची सुरुवात गेल्या वर्षी झाली. शाळा सोडून जाणाऱ्या वर्गाने जाताजाता एक खोडी काढायची, ही इथली जुनी रीत. कधी बाईंची खुर्ची गच्चीवर, कधी सगळ्या वर्गांच्या पाट्यांची अदलाबदल. गेल्या वर्षीच्या पोरांनी वीस गजराची घड्याळं कपाटात लपवली होती. कपाट ठणाणा करत असताना मामा त्याच्यासमोरून देवळात निघाल्यासारखे शांतपणे पुढे गेले. बाईंनी ते नेमकं पाहिलं.

"ऐकू येतं ना नीट?" त्यांनी विचारलं होतं.

"टाचणी पडली तरी येतं, बाई."

"घंटेचं काम आहे, मामा. पुढच्या वर्षात एक जरी चूक झाली, तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. नाही झाली, तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही."

बाई शब्दाच्या पक्क्या. आणि वर्षभरात चूक एकही झाली नव्हती. आजच्या नऊ घंटा तेवढ्या निभावल्या की झालं.

सकाळी शिडी जागेवर नव्हती, मैदानात पडली होती. धापा टाकत ते गच्चीवर गेले, नळ बघितले, कुलपं बघितली, बाईंची खुर्ची हलवून बघितली. सगळं जिथल्या तिथे. मग शिडी जागेवर ठेवून त्यांनी पहिली घंटा दिली.

घंटा उंच तुळईला टांगलेली होती. खालून दोर ओढला की अख्खी डोलायची आणि तिचा थरार दोरातून तळहातात उतरायचा. मामांना तेवढ्यावर कळायचं. आज मात्र हातच असे कापत होते, की दोराचा थरार कोणता आणि आपला कोणता, काही उमगेना. मैदानातली पोरं हलली नाहीत. मामांचा जीव टांगणीला लागला. मग जाणाऱ्या वर्गातली म्होरकी मुलगी, जिला सगळी शाळा तुफान म्हणायची, ती हात वर करून धावत सुटली आणि मागोमाग सगळं मैदान वर्गांकडे पळालं.

दुसऱ्या घंटेला मामा दोराकडे निघाले, तर समोरच्या खिडकीत एक चेहरा. तिसरीला प्रत्येक वर्गाच्या दारात एकेक. सगळे मामांच्या हाताकडे टक लावून. दोर ओढला की चेहरे आत गडप.

"काय बघता रे?" मामा खेकसले.

"काही नाही, मामा!" जवळच्या दारातला एवढासा जीव म्हणाला आणि पळाला.

पाळतच ही! कार्ट्यांना सुगावा लागला होता. म्हणजे यंदाची खोडी हीच, म्हाताऱ्याला सगळ्यांसमोर उघडं पाडायचं.

मधल्या सुट्टीत ते घरी जाऊन मटकन खाली बसले. बायकोने त्यांचा चेहरा आपल्याकडे वळवला.

"बाईंना खरं सांगून टाका. हात जोडा."

"आता? काठाला आल्यावर?"

"बुडण्यापेक्षा बरं."

मामांनी डोळे पुसले आणि घंटेची वेळ झाली म्हणून उठले.

सहाव्या घंटेला खिडकीत खुद्द मोठ्या बाई उभ्या होत्या. शेजारी तुफान. ती बाईंना भराभरा काहीतरी सांगत होती, पण पाठमोरी, त्यामुळे ओठ दिसेनात. बाईंनी तोंडाला रुमाल लावला. हसत असणार. पुढच्या दोन घंटा त्यांनी कशा दिल्या, त्यांचं त्यांनाच माहीत.

नववी घंटा दिली आणि शाळा सुटली. सगळे वर्ग एकदम बाहेर आले. मामांच्या मुठीतून दोर सुटत नव्हता. बाई चालत आल्या आणि अगदी समोर उभ्या राहिल्या.

"मामा, आज एकही घंटा चुकली नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "नव्या वर्षी वेळेवर या."

मामांच्या मुठीतून दोर सुटला. तुफानने त्यांच्या हातात एक पुडकं ठेवलं, चांगलंच जड. तिचे डोळे लाल झाले होते.

"आम्ही गेल्यावर उघडा."

"म्हणजे यंदा खोडी नाहीच?"

"सुचलीच नाही, मामा."

"मुलखाची आळशी कार्टी!" मामा म्हणाले, आणि आज पहिल्यांदा हसले.

सगळे गेल्यावर त्यांनी घंटेखाली शिडी लावली. वर्षअखेरीला आतल्या, घंटेवर टोले देणाऱ्या लोखंडी लोलकाला तेल दिल्याशिवाय मामांची सुट्टी सुरू होत नसे. तेलाचा बोळा घेऊन त्यांनी घंटेच्या पोटात हात घातला. हात नुसताच फिरला. पुन्हा फिरवला.

मग ते खाली उतरले, पायरीवर बसले आणि त्यांनी पुडकं सोडलं. आत लोलक होता, आणि एक चिठ्ठी.

'मामा, पहिल्या घंटेच्या आधीच काढला होता. वाटलं होतं, तुम्ही लगेच ओरडत आमच्या मागे धावाल.'