पितळेची पिन

रायफलच्या बोल्टमधून निघालेली पिन पितळेची होती.

अनुपमानं ती दोन बोटांत धरून दाराच्या उजेडाकडे वळवली. मग काउंटरवर मांडलेल्या नव्या पिनांकडे पाहिलं. एक पोलादाची, निळसर झाक असलेली. दुसरी टायटॅनियमची, हातात घेतली तर वजनच लागू नये अशी. रायफल जुनी होती, तीनशे पंधरा बोअरची. कंपनीची पिन आता कुठे मिळत नव्हती. या दोन्हींतली कोणती टिकेल, एवढं विचारायला ती आईला घेऊन जानेफळहून बुलढाण्याला आली होती. परवानाधारक दुरुस्तीचं दुकान तिला शकूरचंच माहीत होतं, म्हणून नाइलाजानं.

“चाचा, पिन तं गोळीच्या बुडाले ठोका मारते ना? मंग पितळ काऊन? हे तं नरम असते.”

शकूरनं चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला.

रायफल अनुपमाच्या वडिलांची, इंद्रभानची होती. ज्या वर्षी बीटीच्या कपाशीतसुद्धा बोंडअळी शिरली, त्या वर्षी इंद्रभान पऱ्हाटीच्या राखणीला गेला आणि रानडुकरानं त्याला बांधावरच फाडलं. लोक पोचले तेव्हा रायफल शेजारी पडली होती. नळीत गोळी तशीच, न उडालेली. त्याच्या आधीच्या आठवड्यात ती शकूरकडे दुरुस्तीला गेली होती, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मग आणखी काही शोधायची गरज कुणाला वाटली नाही. शकूरच्या हलगर्जीनं माणूस गेला, असं जो तो म्हणू लागला. त्या बाजूची एकही बंदूक पुन्हा त्याच्या दुकानाची पायरी चढली नाही. शकूरनं कधी तोंड उघडलं नाही. फक्त अधूनमधून, कानशीवर हात चालत असताना, त्याला कोरडा खटका ऐकू येई. खट्. त्यापुढे काहीच नाही. तो हात थांबवून दाराकडे पाही.

रायफल इतकी वर्षं ठाण्यात जमा होती. आता परवाना तिच्या आईच्या, अन्नपूर्णाबाईंच्या नावावर झाला, तेव्हा कुठे ती सुटली. बोल्ट आज पहिल्यांदा उघडला गेला.

“कोणं लावली ही?” अनुपमाचा आवाज चढला.

“म्याच लावली, बेटी.”

“चुकून?”

शकूरकडे उत्तर तयार होतं. हो, चुकून. एवढं म्हटलं की ती दोन शिव्या देईल, रायफल उचलेल आणि जाईल. त्यानं ओठ उघडले.

“जाऊ दे अनू, त्याहीले नको बोलू.” अन्नपूर्णाबाई दारातल्या स्टुलावर बसल्या होत्या. आल्यापासून त्या पहिल्यांदाच बोलल्या. “पिन चांगली असती तरी तुह्या बाबानं गोळी चालवली नसती. त्याहीले जगायचंच नव्हतं त्या साली. जेवाले बसले का ताटाकडं पाहत राह्यत. बोलावलं तं ओ देत नव्हते. डुकरापुढं ते आपल्या मनानं उभे राह्यले. मले माहीत हाये. तुह्याकडं पाहून बी थांबले नाही, माह्याकडं पाहून बी नाही.”

अनुपमा आईकडे बघतच राहिली. हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

शकूरनं उघडलेले ओठ मिटले. मेलेल्या माणसाची इभ्रत राहावी म्हणून त्यानं इतकी वर्षं गावाचा बोल खाल्ला होता. आणि त्याच माणसाच्या घरात, त्याच्या बायकोच्या उराशी, हे असलं काही बसून होतं.

“भाभी,” तो म्हणाला, “चुकून नाही लावली. इंद्रभानभाऊनं लावून घेतली.”

अन्नपूर्णाबाईंनी मान वर केली.

“एकटेच आले होते. मले म्हणे, पोलादाची काढ, नरम काही टाक. वरतून कोणाले समजलं नाही पाहिजे. म्या म्हटलं, भाऊ, डुक्कर आंगावर आलं तं? तं म्हणे, डुकराचं पाहून घेईन मी. शेतात एकटा असलो का हे नळी माह्याच गळ्याकडं वळते. माहा मलेच भरवसा नाही राह्यला.”

“मंग ठाण्यात जमा काऊन नाही केली?” अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

“म्या बी हेच म्हटलं. पण शिवारात रायफल त्याहीचीच. सारे तिच्या भरवशावर. जमा केली तं लोक कारण इचारतीन, अन् घरी तुम्हाले कळीन. एवढा हंगाम जाऊ दे म्हणे, मंग पोलादाची लावून देजो.”

अन्नपूर्णाबाई उठल्या. काउंटरपाशी आल्या, पण पिनेला हात लावायचा त्यांना धीर झाला नाही.

“अजून काही म्हणाले?”

शकूरनं अनुपमाकडे पाहिलं.

“पायरी उतरता उतरता वळले. म्हणे, ‘मले जगायचं हाये, शकूरभाई. माही अनू आता कुठं सातवीत गेली.’”