दोन घराणी

एकाच आठवड्यात शालिग्रामकाका आणि शेजारच्या सुशीलाबाई, दोघांच्याही कोंबड्या मानमोडीने दगावल्या. रोग बाईंच्याच खुराड्यातून आला, असं काका साऱ्या बुढापारा मोहल्ल्यात सांगत फिरले. दोघांचं बोलणं बंद झालं.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्या पुतणीने, देवश्रीने, दोन्हीकडच्या विषाणूंची जनुकं ताडून पाहिली. "काका, हे विषाणू वेगवेगळ्या घराण्यांचे आहेत. तिकडून इकडे रोग आलाच नाही."

काका तसेच अहवाल घेऊन शेजारी गेले. "वहिनी, माफी मागाले आलो. तुमच्या कोंबड्यांचा काही दोष नव्हता."

सुशीलाबाईंनी कागद वाचला आणि त्या ओशाळून हसल्या. "बसा भाऊजी, चहा ठेवते. मी तर पार तिकडच्या तात्यापारा मोहल्ल्यापर्यंत तुमच्याच कोंबड्यांचं नाव सांगून आली."