बरगडीची परीक्षा

"वहिनी, बाणाच्या टोकाची ही पाती हरणाला लागली की आपोआप उघडतात. नेम जरा चुकला तरी चालतं. बाईमाणसाला हेच बरं," म्हणत दिराने नव्या पात्यांचं पाकीट ओट्यावर आपटलं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधला शिकारीचा हंगाम उद्या सुरू होणार होता, आणि हेमांगी आपल्या जुन्या, एकसंध, न उघडणाऱ्या पात्याला चहाच्या कपाच्या बुडावर धार लावत होती.

तिने पातं खाली ठेवलं. रश्शासाठी फ्रीजरमधून काढून ठेवलेल्या, गेल्या हंगामात तिनेच मारलेल्या हरणाच्या बरगड्या उचलल्या आणि परसातल्या पेंढ्याच्या गठ्ठ्यावर बांधल्या. तिचं धनुष्य हलकं होतं. दुखऱ्या खांद्याला त्याहून जड ओढवत नसे. आधी तिने दिराचं पातं लावून बाण सोडला. पातं उघडलं खरं, पण सगळा जोर उघडण्यातच गेला आणि बाण बरगडीत बोटभर रुतून लोंबकळला. मग आपलं लावलं. तो बाण बरगडी फोडून शेपटाच्या पिसांपर्यंत गठ्ठ्यात घुसला.

"तरी मोठी जखम ती मोठीच," दीर हटेना.

"तुमची मोठी जखम घेऊन गेल्या वर्षी ते हरीण दिवसभर पळालं, भाऊजी. रक्ताचा माग काढत मी गेले, तुम्ही गाडीत बसला होतात." तिने पाकीट त्याच्या हातात कोंबलं. "नेम चुकला तरी चालतं, ते तुम्हाला. मला खात्री नसेल, तर मी बाण सोडतच नाही."