सीनेपलीकडचा नाका

प्रश्न विचारून गोरक्ष मास्तर थांबला, पण मनकर्णाबाईंना तो उमगला नाही. म्हणून त्याने तो पुन्हा विचारला, जरा सोपा करून. निजामाविरुद्ध तुमच्याकडची माणसं का उठली?

उद्या स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं पुरी होत होती. झेंडावंदनानंतर शाळेच्या पटांगणात हुतात्म्याच्या पत्नीचा सत्कार होता आणि भाषण गोरक्षला करायचं होतं. तो संगमनेरकडचा, गावात नवा. सरपंचांनी एवढंच सांगितलं होतं की, सीनेपलीकडे निजामाच्या नाक्यावर जो मारला गेला, त्याची बायको नदीकडच्या शेवटच्या घरात राहते. घरात त्याला पन्नाशीच्या दोन बायका भेटल्या. मनकर्णाबाईंनी त्याला घोंगडी टाकून दिली. दुसऱ्या सकीनाबाई. त्या भिंतीशी बसून रेशनची तांबडी ज्वारी निवडत होत्या.

"लोकशाही हवी होती, असं लिहू का?" गोरक्षने विचारलं.

"लिव्हा की. पर आमाला त्यो शबुद ठावा नव्हता." मनकर्णाबाई म्हणाल्या. "राजा आमी कदी बघितला न्हाई, मास्तर. आमचा राजा म्हंजी नाक्यावरचा शिपाई. त्यो आडवल ते आडायचं, त्यो सोडल ते सुटायचं."

मग त्या सांगत गेल्या. त्यांचं गाव सीनेच्या पलीकडे, निजामाच्या राज्यात. जागीरदाराच्या घरी फुकट राबावं लागे. बापाने सोसलं, आज्याने सोसलं, तसं लोक सोसत होते. नदीच्या अलीकडे स्वराज्य आलं, शाळेवर लावलेला झेंडा पलीकडून दिसायचा. ढोरं पाण्यावर नेली की माणसं तो बघत उभी राहायची आणि घरी यायची. बाहेरून कार्यकर्ते आले, देवळात भाषणं करून गेले. तरी कुणी उठलं नाही.

त्या साली सक्तीच्या लेव्हीची ज्वारी न्यायला निजामाची माणसं आली आणि त्यांनी पेवं तळापर्यंत उपसली. बियाणंही ठेवलं नाही. एका घरात मूल तान्हं होतं. आईचं दूध आटलं. बाप नदी उतरून अलीकडे आला, पाहुण्यांच्या पाया पडून अर्धं पोतं बाजरी मिळवली आणि डोक्यावर घेऊन परत निघाला. नाक्यावर शिपायाने ती उतरवून घेतली. धान्य सोडायचं नाही, असा वरचा हुकूम होता. शिपाई परका नव्हता. दोघांची शेतं बांधाला बांध, पेरणीला एकमेकांचे बैल.

"आणि ते मूल?"

"गेलं."

सकीनाबाईंचे हात सुपात थांबले. मग पुन्हा चालू लागले.

"शिपायाच्या घरी मातुर चूल पेटत हुती," मनकर्णाबाई म्हणाल्या. "पगार हुता त्याला."

मूल पुरलं आणि दुसऱ्याच दिवशी, पहाट फुटायच्या आधी, बाप नाका जाळायला निघाला. कुणाला बोलावलं नाही. पण दारं उघडत गेली. ज्यांनी भाषणं ऐकून नुसत्या माना हलवल्या होत्या, ते पलिते घेऊन मागून चालू लागले. प्रत्येकाच्या घरचं पेव रिकामं होतं. शिपायाला जाळ दिसला, माणसं दिसली नाहीत. त्याने गोळी घातली. सगळ्यांत पुढे बाप होता, तो पडला. बाकीच्यांनी नाका पेटवला.

"जाळाच्या उजेडात शिपायानं पडलेल्याचं तोंड बघितलं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "बंदूक टाकली आन् उशाशी बसला. लोक वरडत हुते, ऊठ, बाजूला हो म्हनून. त्यो उठला न्हाई. वरचं आढं खाली आलं."

गोरक्षने सकीनाबाईंकडे पाहिलं. आता त्याला सगळा उलगडा झाल्यासारखं वाटलं. निजामाच्या शिपायाची ही विधवा, आणि तिला या बाईने आपल्या चुलीशी जागा दिली होती. भाषणाचा शेवट याच गोष्टीने करायचा, असं त्याने मनात ठरवलं. खात्री करून घ्यायला तोंडावर विचारणं बरं दिसलं नसतं. त्याने आवाज खाली केला.

"तुम्हाला त्या शिपायाचा राग येत असेल."

"येतो. आजून येतो. भाकरी थापताना येतो."

"तरी यांना घरात घेतलंत."

"कुनी कुनाला घेतलं ते नगा इचारू. पोलीस यायच्या आत गाव पळालं. नदीला पानी लई हुतं. एकीचा हात दुसरीनं धरला, त्यो तसाच ऱ्हायला."

गोरक्ष उठला आणि उद्याचं समजावून सांगू लागला. मनकर्णाबाईंनी पुढे खुर्चीवर बसायचं. नारळ आणि लुगडं तालुक्याचे पाहुणे देतील. सकीनाबाईंनी खाली सतरंजीवर बायकांत बसावं, म्हणजे कुणालाच अवघड वाटायला नको.

सकीनाबाईंनी मान हलवली. मनकर्णाबाईंनी त्यांच्या मांडीवरचं सूप उचलून आपल्याकडे ओढलं आणि खडे वेचू लागल्या.

"तेवढं हुतात्म्याचं नाव सांगा," गोरक्ष म्हणाला, आणि लगेच त्याच्या लक्षात आलं की जुन्या वळणाची बाई नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायची नाही. तो सकीनाबाईंकडे वळला. "तुम्हीच सांगा."

सकीनाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"तिला न्हाई घेता यायचं," मनकर्णाबाई सुपातून मान वर न करता म्हणाल्या. "लिव्हा. नियाज. आन् शिपायाचं पायजे आसल तर तिला इचारा, मास्तर. ते मला घेता येत न्हाई."