दुसऱ्या ताग्यातला जोड

स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसच्या किल्टच्या दुकानात ट्वीडच्या लोकरी कापडाचे दोन तागे शेजारी शेजारी उलगडले होते आणि सगळेजण टॉर्मोडच्या तोंडाकडे बघत होते. बऱ्याच वर्षांत त्याच्याकडे असं कोणी बघितलं नव्हतं.

त्याच्या लेकीच्या, इशबेलच्या, लग्नात दोन्ही घरच्या सहा पुरुषांनी एकाच कापडाचे किल्ट, म्हणजे पुरुषांचे चुणीदार घागरे, आणि कोट घालायचं ठरलं होतं. करड्यात किंचित जांभळा, हा रंग तिनेच निवडलेला. पण पहिल्या ताग्यात पाचच जोड बसत होते. सहावा दुसऱ्यातून काढावा लागणार. वीण तीच, रंगही तोच, फक्त लोकर वेगळ्या खेपेला रंगवलेली. दुकानातल्या गिलांडर्सबाईंच्या मते फरक उन्नीस-बीसचा होता.

"बाबा, तुम्हीच सांगा," इशबेल म्हणाली. "तुमच्यासारखी नजर कोणाची आहे?"

नजर होतीच. तीस वर्षं टॉर्मोडने आपल्या बेटावरच्या कापडगिरणीत रंग जुळवले होते. तो दोन्ही ताग्यांची टोकं ओढत दारात गेला. दिव्याखाली रंग बघणारा माणूस त्याच्या हिशेबी आंधळाच. बाहेर आभाळ भरलेलं होतं, उजेड हवा तसा सारखा पडला होता. त्याने डोळे बारीक केले. आपल्या शब्दासाठी चार माणसं खोळंबली आहेत, याचा आनंद काही त्याला लपवता येईना.

"हा चालायचा नाही," त्याने दुसऱ्या ताग्यावर बोट ठेवलं. "हिरवट झाक आहे याला. आत खपून जाईल. पण चर्चच्या दारात फोटोला उभे राहिलात, की नेमका हा एकटा उठून दिसेल. लोक विचारतील, हा कोण? याला कोणी बोलावलं?"

इशबेलची आई खिडकीबाहेर बघू लागली. आईचा दुसरा नवरा ग्रॅहम आपल्या बुटांकडे बघत राहिला. टॉर्मोड अजून रंगातच होता. कोणाच्या गळ्यात मारत होतात हा, असं विचारत तो कापडं ठेवायला परत आला, आणि त्याला टेबलावरचा कागद दिसला.

अक्षर इशबेलचं होतं. पहिल्या ताग्यापुढे नवरा मुलगा, त्याचे वडील, त्याचे दोघे भाऊ आणि ग्रॅहम. खाली थोडी जागा सोडून, दुसऱ्या ताग्यापुढे, त्याचं स्वतःचं नाव. म्हणजे वाटणी आधीच झाली होती. फरक नाही, एवढंच तिला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"ग्रॅहमच मला हात धरून चर्चमध्ये घेऊन जाणार आहे ना, बाबा," इशबेल हळू आवाजात म्हणाली. "तो माझ्या शेजारी असणार. तुम्ही काय, तसे मागेच असाल."

टॉर्मोडने ती टोकं पुन्हा उचलली आणि तो दारात जाऊन उभा राहिला. या वेळी जास्त वेळ. उजेड मघाचाच होता.

"मघाशी ढग आडवा आला होता," तो वळून म्हणाला. "सारखेच आहेत दोन्ही."

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" इशबेल ग्रॅहमला म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला होता.

गिलांडर्सबाई टेप घेऊन पुढे झाल्या. त्यांनी टॉर्मोडच्या नजरेला नजर दिली नाही.

"कमरेचं माप घेते," त्या म्हणाल्या. "हात जरा वर करा."

टॉर्मोडने दोन्ही हात वर केले.