बाहेरचा कॉक

"पाइप भिंतीत गाडून झाले की मगच लोकांना सुचतं," मिस्त्री माझ्या कानाशी पुटपुटले. घराच्या मागच्या अंगाला वाढवलेल्या खोलीतलं हे बाथरूम पाहुण्यांसाठी आहे, असं आम्ही त्यांना आणि सासऱ्यांनाही सांगितलं होतं. तरी आधी उंबरा काढायला लावला, मग कमोडशेजारी धरायला दांडा, आणि आता नवऱ्याला पाण्याचा कॉक खोलीच्या बाहेर हवा होता.

"अहो साहेब, आतला माणूस साबण लावून बसलाय आणि बाहेरून कुणी पाणी बंद केलं म्हणजे?"

"पाहुणे नळ उघडे टाकतात हो," नवरा म्हणाला. मी उगाच टाइल्स मोजायला लागले. आठवड्यात दोनदा घरभर पाणी झालं होतं, परवा तर गॅस उघडा राहिला होता. पण घरात कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

खुर्ची टाकून काम बघत बसलेले सासरे उठले आणि नव्या चौकटीवरून हात फिरवत म्हणाले,

"मला विसरायला होतं, हे या दोघांच्याने बोलवत नाही, मिस्त्री. कॉक बाहेरच बसवा. आणि दाराची कडीसुद्धा."