बालवर्षाचं नाणं

डोळ्यावरची पट्टी निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नरहरी तात्यापारा मोहल्ल्यातल्या आपल्या घरात खिडकीशी येऊन बसले आणि बायकोला म्हणाले, "चित्रा, माझी पेटी आण."

पेटीत चांदीची नाणी होती, सरकारनं त्या त्या प्रसंगाला काढलेली. गांधी शताब्दीचं, स्वातंत्र्याच्या पंचवीस वर्षांचं, आणि मधल्या खाचेत १९७९चं, बालवर्षाचं. रेल्वेच्या पगारात लोकांनी फ्रिज घेतले, स्कूटर घेतल्या. नरहरींनी नाणी घेतली. लोक हसले, त्यांनी हसू दिलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन ते कधीपासून टाळत होते. शेवटी तयार झाले ते काही पेपर वाचता यावा म्हणून नाही. बालवर्षाच्या नाण्यावरचा डाग त्यांना धुरकट दिसायला लागला होता.

तो डाग म्हणजे अंगठ्याचा ठसा होता. त्यांच्या मुलीचा, कौमुदीचा. ती त्याच वर्षी जन्मली, म्हणून त्यांनी ते नाणं टांकसाळीतून मुद्दाम मागवलं होतं. आरशासारखं चकचकीत, कडेनंच धरायचं. चार वर्षांच्या कौमुदीनं ते मधोमध धरलं. नरहरींनी तिच्या हातावर फटका मारला, चांगला जोरात. नाण्यावर तेव्हा काहीच दिसत नव्हतं. पण बोटाचा घाम चांदीत मुरतो आणि काळा होऊन सावकाश वर येतो. त्याच पावसाळ्यात कौमुदी तापानं गेली. ठसा दिसायला लागला तो त्यानंतर, रेघ न् रेघ. तो डाग कशाचा हे चित्राला सांगायचं तर फटक्याचंही सांगावं लागलं असतं, म्हणून नरहरींनी कधी सांगितलं नाही. भित्रेपणा होता तो, दुसरं काही नाही.

चित्रानं पेटी आणून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि शेजारी खुर्ची ओढून बसली. तिला हसू आवरत नव्हतं. ते हसू नरहरींना आज किती दिवसांनी स्पष्ट दिसलं.

"उघडा ना," ती म्हणाली.

त्यांनी झाकण उघडलं. सगळी नाणी एकजात लखलखत होती, देवघरातल्या भांड्यांसारखी.

"दिवाळीची चांदी घासाले काढली होती," चित्रा म्हणाली. "म्हटलं, यांचे डोये नवे होऊन राहिले, तर नाणेही नवे करून ठेवू. रांगोळी अन् लिंबू. अजून हात दुखून राहिले माझे."

नरहरींनी काळा चष्मा काढला. बालवर्षाचं नाणं कडेनं उचललं आणि खिडकीकडे तिरपं धरलं. डोळा छान झाला होता. रांगोळीचे बारीक बारीक ओरखडेसुद्धा दिसत होते, गोल गोल फिरलेले. त्यांना वाटलं, बाजू चुकली असेल. त्यांनी नाणं उलटवलं, परत सुलटवलं. बाजू चुकली नव्हती.

"तो काया डाग गेला, पाहा," चित्रा म्हणाली. "तो भार्गव नाही का, नाणे पाहाले येते तो. दरवेळी म्हणे, काका, सब बढ़िया है, बस ये दाग निकलवा लो. अन् तुम्ही तेच नाणं घेऊन तासन्‌तास बसत. मले वाटे, किती लागलं यांच्या जिवाले. सहजी नाही निघाला मेला. कापडानं घासला, मग ब्रश घेतला, तेव्हा गेला."

नरहरी नाणं पुन्हा पुन्हा उजेडात तिरपं करत राहिले.

"काहून गप्प झाले? बिघडलं काय काही?"

नरहरींना एकच वाक्य बोलायचं होतं, आणि ते इतकी वर्षं तोंडाशी येऊन परत गेलं होतं. आज ते बाहेर पडलं असतं तर हलकं त्यांनाच वाटलं असतं. चित्रानं मात्र उरलेलं आयुष्य त्या ब्रशकडे बघत काढलं असतं.

"नाही," ते म्हणाले. "चांगलं झालं."

"डोयातून पाणी येऊन राहिलं तुमच्या."

"नवा डोया आहे. उजेड झेपत नाही त्याले."

"मग चष्मा काहून काढला? घाला पाहू." तिनं चष्मा स्वतःच त्यांच्या डोळ्यांवर चढवला, पदरानं गाल टिपला. मग तिची नजर त्यांच्या हातातल्या नाण्यावर गेली.

"हे आपल्या कौमीच्या वर्षाचं ना," ती म्हणाली. "म्हणून यालेच सगळ्यात जास्त घासलं."

तिनं त्यांच्या हातातून नाणं घेतलं, मधोमध अंगठा टेकवून, आणि उजेडात धरलं. एरवी नरहरींनी तिचा हात झटकला असता. आज ते तिच्या अंगठ्याकडे पाहत राहिले.